पारीवरचं बंदर

नवेगाव बांधात वाट विचारणाऱ्याला कोणी खरं अंतर सांगत नाही. यात लबाडी नाही, माया आहे. बाहेरगावचा माणूस कपाळाचा घाम पुसत विचारतो, तलाव किती दूर आहे हो, तर समोरचा नुसती हनुवटी पुढे करतो आणि म्हणतो, "हे का, इथंच त आहे." ते 'इथंच' मग वळणामागून वळण घेत जातं. माणूस दमतो, मनातल्या मनात शिव्या देतो, पण पोचतो. खरं सांगितलं असतं तर अर्ध्यातूनच परत फिरला असता, असा इथला हिशेब.

उदारामनं सारी उमर याच हिशेबावर माणसं चालवली. तो गाइड. हिवाळ्यात नागपूरचे, पुण्यामुंबईचे लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून पक्षी पाहायला यायचे. उदाराम त्यांना तलावाच्या पारीवरून, म्हणजे त्या लांबलचक जुन्या बांधावरून, पायी न्यायचा. पुढे तो, मागे पांढऱ्या टोप्यांची रांग. एखादी बाई बसायला दगड शोधू लागली की हा मागे वळून म्हणे, "बस मॅडम, आलंच जवळ." अंतराच्या बाबतीत त्यानं किती जणांना फसवलं त्याची मोजदाद नाही. पाखरांच्या बाबतीत एकालाही नाही. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणायचा. हललेलं पान दाखवून "होता, आत्ताच उडाला" म्हणणारे गाइड त्याला डोळ्यांसमोर नको असत.

रुख्मा त्याची बायको. तिचा अर्धा जन्म त्याच्या पाठीकडे पाहत गेला. बाजाराला निघाले तरी हा पुढे, ही पिशव्या घेऊन मागे. लग्नाला निघाले तरी तेच. आणि गेला पावसाळा सरल्यावर कधीतरी तिच्या ध्यानात आलं की आपण त्याच्या बरोबरीनं चालून राहिलो. आधी तिला वाटलं, म्हातारपणी माणसाला माया फुटली. दोनचार दिवस ती त्या सुखात राहिलीही.

मग तिनं नीट पाहिलं. माया नव्हती, पाय होते. थोडं चाललं की तो थांबे. थांबायला निमित्त असे. दुपट्टा झटकून पुन्हा गळ्यात घाले. कोणाच्या बांधीतल्या, म्हणजे शेतातल्या, धानाची लोंबी हातात घेऊन दाणा भरला का पाही. ज्या चुलतभावाशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं त्यालाही एकदा रस्त्यात उभं करून त्यानं तब्येत विचारली. तो बिचारा घरी जाऊन बायकोला म्हणाला, उदारामच्या मनात काय आहे कोण जाणे. असं थोडं थांबलं की पुन्हा निघे, नेहमीसारखा ताठ. घरी आल्यावर ओसरीत बसून पोटऱ्या दाबे, आणि रुख्मा आली की हात काढून घेई.

"डाक्टरले दाखवाव का जी?" तिनं एकदा विचारून पाहिलं.

"कायले? म्या चालून नाही राहिलो का?"

"चालून राहिले. पण थांबूनही राहिले."

"गाइड थांबतेच. पाखरू का पळता पळता दिसते?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "टीनाले यातलं एक अक्षर सांगशीन त पाहा. मी बोटीवर येतच नाही. तू जाय एकटी."

ही बोट तलावातली नव्हे. टीना त्यांची सून, गोंदिया शहरातली, आता नवऱ्यासोबत पुण्याला नोकरी करणारी. तिनं आणि वीरेंद्रनं मिळून सासूसासऱ्यांना समुद्रावर न्यायचं ठरवलं होतं. मुंबईहून निघणारी मोठी बोट, एकावर एक मजले, आत जेवायची वेगळी, नाचायची वेगळी जागा. ती कोचीच्या बंदरात दिवसभर उभी राहणार. लोकांनी उतरून गाव फिरून यायचं आणि बोट सुटायच्या आत परत चढायचं. टीनानं दोघांसाठी पांढरे बूटही कुरिअरनं पाठवले होते. रुख्मानं ते कपाटात साड्यांवर ठेवले, आणि दिवसातून एकदा कपाट उघडायला काही ना काही कारण तिला सापडायचं.

समुद्र तिनं टीव्हीत पाहिला होता. पण टीव्हीला कडा असतात. आपल्या तलावाचा पलीकडचा काठ दिसतो, समुद्राचा दिसत नाही म्हणतात. काठ नसलेलं पाणी कसं दिसतं, एवढंच तिला एकदा पाहायचं होतं. ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी ती वाटत नव्हती.

त्या दिवशी सकाळी भांडी घासताना टीनाचा फोन आला. रुख्मानं ओल्या बोटानं स्पीकर लावला.

"मम्मी, कोचीसाठी दोन टूर आहेत. एकात बसमधून फिरवतात, कहीं कहीं उतरवतात. दुसऱ्यात बस फक्त जुन्या शहरापर्यंत सोडते, पुढे सगळं पैदल. पाण्यावर टांगलेले ते मोठे चिनी जाळे, जुनं चर्च, गल्ल्या. पैदलवाली जास्त अच्छी आहे. पण चालावं लागते. पप्पाला जमेल ना?"

अंगणातून उदारामचा आवाज आला. "बसमधून का पाहाचं? खिडकीतून पाखरू दिसते का कधी? पैदलवाली घे म्हणा."

"पप्पा तर हो म्हणतीलच," टीना हसली. "मम्मी, तुम्ही सांगा. पप्पा रोज किती चालतात?"

रुख्मानं तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण उदाराम दारात येऊन उभा होता. हात चौकटीला टेकलेला. तो नुसता पाहत राहिला. आणि तिच्या तोंडून निघालं ते या गावात जन्मभर ऐकलेलं, जन्मभर बोललेलं.

"चालतात ना बाई. रोज पारीच्या त्या टोकापर्यंत जातात. हे का, इथंच त आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. तो रोज जातच होता. फक्त मधले थांबे तिनं सांगितले नाहीत.

इथल्या माणसानं ते 'इथंच' ऐकलं असतं तर मनातल्या मनात दुप्पट करून घेतलं असतं. टीनानं तसं केलं नाही. तिनं फोनमधला नकाशा उघडला आणि सासरचं घर ते पारीचं टोक असं अंतर मोजलं.

"अरे वा! मम्मी, तुमच्या घरापासून टोकापर्यंत आणि परत. ऑलमोस्ट तेवढंच आहे कोचीचं चालणं. म्हणजे पप्पा रोज बंदर फिरून येऊन राहिले!" मग ती कामाचं बोलली. "फक्त एक आहे. सगळ्यांसोबत चालावं लागते. तिथला गाइड कोणासाठी थांबत नाही. आणि उशीर झाला तर बोट पण थांबत नाही. सीटा भरून राहिल्या, संध्याकाळपर्यंत नक्की सांगा. टेन्शन नका घेऊ, पप्पा फिट आहेत!"

फोन ठेवल्यावर उदाराम खूश होऊन आत गेला. रुख्मा राख लागलेल्या हातानं तशीच बसून राहिली. परक्या गावात, भाषा न कळणाऱ्या गल्लीत हा थांबला, तर तिथं कोणाची लोंबी पाहणार? कोणत्या चुलतभावाला हाक मारणार? टोप्यांची रांग पुढे निघून जाणार. बोट भोंगा वाजवणार. आणि हा तरी म्हणेल, मले काही झालं नाही. तिनं आपल्याच तोंडानं त्याला त्या गल्लीत नेऊन उभं केलं होतं.

आणि सांगावं, तर हा येणार नाही. हा आला नाही तर तीही जाणार नाही. काठ नसलेलं पाणी टीव्हीतच राहील.

उन्हं कलल्यावर तिनं कपाटातून दोन्ही बुटांचे जोड काढले.

"घाला जी. आज बंदर फिरून पाहू."

"म्हंजे?"

"टीनानं मोजलं ना. आपलं घर म्हंजे बोट. पारीचं टोक म्हंजे चर्चच्या पलीकडची गल्ली. जाऊन येऊ. बुटं चावतेत का ते बी समजन."

त्याला बुटांचं पटलं. दोघं निघाले. लुगड्याखाली पांढरे बूट घातलेली रुख्मा म्हणजे गावाला आयतीच करमणूक. चौकातल्या चहाच्या टपरीवरून भैयाजीनं हाक दिली. "काय व वहिनी, क्रिकेटची म्याच हाय का?"

"हो ना भैयाजी. तुमी अंपायर व्हा. काम कमी, उभंच त राहाचं असते."

टपरीवरचे सगळे हसले. उदारामही हसला. रुख्मानं भैयाजीची टपरी म्हणजे बंदराचं फाटक ठरवलं. पुढे मारोतीचं देऊळ आलं.

"हे चर्च," ती म्हणाली.

"चर्चात मारोती बसला आहे."

"बसू द्या. कोचीत का त्याले मनाई आहे?"

पारीच्या चढावर मासे धरणाऱ्या ढिवरांनी वाळत घातलेली जाळी होती. ती झाली चिनी जाळी. इथपर्यंत खेळ छान चालला होता. उदारामचा चेहरा एवढा मोकळा तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, आणि म्हणूनच पुढचं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"आता असं करू," ती म्हणाली. "मी गाइड. तुमी टुरिस्ट. माह्या मागं मागं या. तिथला गाइड थांबत नाही म्हणते टीना."

"तू? गाइड?"

"काऊन? तुमच्या मागं चालून चालून इतकं त शिकली असन."

ती पुढे झाली. जन्मात पहिल्यांदा. डावीकडे धानाच्या बांध्या, उजवीकडे तलाव, पलीकडे डोंगराची निळी रेघ. पाठ फिरवायची नाही असं तिनं ठरवलं होतं. ती कानानं पाहत होती. नवे बूट चुईंचुईं वाजत मागून येत होते. तिला वाटलं, आज कदाचित चुकलंच असेल माझं. कदाचित बुटांनी फरक पडला असेल.

मग चुईंचुईं बंद झालं.

"लेस सुटली व," मागून आवाज आला.

ती थांबली नाही, चाल मात्र हळू केली. बऱ्याच वेळानं बूट पुन्हा वाजू लागले. तुडुमापाशी, पाणी सोडायच्या त्या जुन्या दगडी मोरीपाशी, ते पुन्हा बंद झाले. या वेळी एका ढिवराशी बोलणं चाललं होतं, आज काय लागलं, झिंगे की मासळी. ढिवर डोंगा बांधून घरी निघाला होता, त्याला बोलायची हौस नव्हती. तो गेला. बूट वाजले. पहिल्यापेक्षा कमीच वाजले.

"व, थांब! हे पाहा!"

आता ती वळली. उदाराम पारीच्या कडेला उभा होता. एक हात गुडघ्याच्या वर दाबलेला, दुसरा तलावाकडे.

"पाणकावळा," तो म्हणाला. "बुडाला आत्ताच. तिथं, त्या खुंटाच्या इकडे. पाहत राहाय, निघन आता वर."

रुख्मा त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. पाणकावळा कसा बुडतो हे तिला त्यानंच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, याच पारीवर. बुडाला की पाण्यावर गोल उठतात, एकातून दुसरा, आणि ते काठाला लागायच्या आत तो भलत्याच जागी डोकं काढतो. कुठं निघतो ते आधी सांगायची त्यांची पैज लागायची. तो दर वेळी जिंकायचा.

तिनं पाणी पाहिलं. खुंट सरळ उभा होता आणि त्याची सावली पाण्यात तशीच सरळ. एक गोल नव्हता. एक थरथर नव्हती. आकाश जसं वर होतं तसं खाली पडलेलं होतं.

ती वाट पाहत राहिली. तो दीर्घ श्वास घेत होता, नाकानं, आवाज होऊ नये असा.

"कवा निघन जी?"

"निघन."

थोडा वेळ गेला.

"नाही निघाला."

"दूर निघाला असन कोठी. लबाड असते ते." तिच्याकडे न पाहता तो म्हणाला.

 लेस समजण्यासारखी होती. लोंबी, चुलतभाऊ, सगळं समजण्यासारखं होतं. पण हा माणूस पाखराबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. मोठ्या साहेबांपुढे नाही, बक्षिशीसाठी नाही. पाय इतके दुखत असतील की त्यानं रिकाम्या पाण्यात पाखरू बुडवलं.

तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिनं थट्टा केली. टुरिस्ट बायका काढतात तसा नाजूक आवाज काढून ती म्हणाली, "ओ गाइडभाऊ, अजून किती दूर आहे हो?"

तो हसला नाही. त्यानं पारीच्या टोकाकडे पाहिलं. तिथं पोचायला अजून बरंच जायचं होतं. मग वळून घराकडे पाहिलं. तेही आता दूरच होतं. हजार वेळा दिलेलं उत्तर त्याच्या तोंडाशी आलेलं तिला दिसलं. ते बाहेर आलं नाही.

"लय दूर आहे," उदाराम म्हणाला, आणि खाली दगडावर बसला.

ती शेजारी बसली.  मग तिनं कमरेला खोचलेला फोन काढून त्याच्यापुढे धरला.

"मी सांगू का तुमी सांगता?"

"तूच त सांगून बसली सकाळी."

"म्या सगळं नाही सांगतलं."

"माह्यासाठीच नाही सांगतलं ना," तो म्हणाला. त्यानं फोन घेतला.

टीना पहिल्याच घंटीला बोलली. "हां मम्मी! बुक करू?"

"मी बोलून राहिलो बेटा. ते पैदलवालं नको घेऊ." तो थांबला. मग पर्यटकांना पाखरू कुठं बसलंय ते सांगायचा तसं नेमकं सांगू लागला. "घरापासून पारीच्या चढापर्यंत चालतो. त्याच्यापुढं पोटऱ्या आवळून येतेत. उभा राहिलो का सुटतेत. मंग पुन्हा चालतो, पण आता पहिल्यापेक्षा लवकर आवळतेत."

"कधीपासून पप्पा?"

"पावसाळ्यापासून."

 मग टीना बोलली तेव्हा तिच्या आवाजातला सगळा उत्साह कोणी काढून घेतल्यासारखा झाला होता. "पप्पा, हे नुसतं पायाचं नसते. माझ्या मोठ्या काकाचं असंच सुरू झालं होतं. चाललं की दुखायचं, थांबलं की बंद. ते पण कोणाला बोलले नाही. नंतर..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. "पहिले नागपूरला डॉक्टर. मी आजच वीरेंद्रशी बोलते."

"बसवाली टूर घे ना मग," रुख्मा मधेच म्हणाली. आपला आवाज एवढा केविलवाणा निघेल हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"मम्मी... पाहू. पहिले डॉक्टर काय म्हणतात ते पाहू."

फोन बंद झाला. त्या 'पाहू'मध्ये समुद्र किती लांब गेला ते रुख्माला कोणी न सांगता कळलं. मागून एक भीती आली, समुद्राहून मोठी. टीनानं मोठ्या काकाबद्दल 'नंतर' म्हटलं आणि पुढचं सांगितलं नाही. शहरातली पोरगी, तीसुद्धा अंतर सांगायचं टाळून राहिली होती.

"झालं समाधान?" उदाराम म्हणाला.

"नाही झालं," ती म्हणाली. "कोणाले होईन?"

ऊन उतरत होतं. दोघं परत निघाले. आता ती पुढे नव्हती आणि मागेही नव्हती. तुडुमापाशी तो थांबला, आणि त्यानं कशाकडेही बोट दाखवलं नाही. नुसता थांबला. ते पाहणं तिला पाणकावळ्यापेक्षा कठीण गेलं. निमित्त गळून पडलं तसा माणूस अर्धा झाल्यासारखा दिसत होता. खरं बोलल्यावर ओझं उतरतं असं म्हणणाऱ्याला तिनं त्या घडीला पारीवरून खाली ढकललं असतं.

मारोतीपुढच्या ओट्यावर तो टेकला, तर समोरच्या टपरीवरून भैयाजी ओरडला, "काय उदारामभाऊ, म्याच हारले का?"

रुख्मानं उत्तर जिभेवर तयार ठेवलं होतं. पण उदाराम आधी बोलला. "पाय दुखून राहिला भैयाजी. चालवत नाही आता."

भैयाजीच्या तोंडावरचं हसू तसंच अडकलं. त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं उगाच बाक पुसला. "गाडीवर सोडून देऊ का घरापर्यंत? काढतो ना."

त्या मऊ आवाजानं उदाराम जेवढा दुखावला तेवढा क्रिकेटच्या थट्टेनं कधीच दुखावला नसता. "नको," तो म्हणाला आणि अजून पाय सुटले नसतानाच उठला. रुख्मानं त्याचा दंड धरला नाही. फक्त त्याच्या बाजूनं, त्याच्या चालीनं चालू लागली. बूट तिचेही वाजत होते.

चौक मागे पडला. गल्लीच्या शेवटी त्यांचं कौलारू घर दिसत होतं. दारात वाळत घातलेली तिची हिरवी साडी दिसत होती.

"किती आहे आता?" उदारामनं विचारलं.

हा प्रश्न त्यानं तिला कधी विचारला नव्हता. कोणालाच विचारला नव्हता. 'आलंच जवळ' हे दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले, सवयीनं, मायेनं. तिनं घराकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे.

"दोन थांबे," ती म्हणाली.

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "एक म्हणली असती त का बिघडलं असतं?"

"मंग दुसऱ्या थांब्यावर तुमाले पाखरू दाखवाव लागलं असतं."

 थोडं पुढे गेल्यावर, त्याचे पाय आवळून यायच्या जरा आधीच, रुख्मा कोणाच्या तरी कुंपणापाशी थांबली. तोही थांबला. दोघं तिथं उभे राहिले, कशाकडेही न पाहता.